शेजारचा गिझर, आपला नळ

सकाळच्या घाईत आंघोळीला गेलेला माणूस शॉवरची चावी फिरवण्यासाठी हात पुढे करतो आणि बोटांतून मुंग्यांची एक बारीकशी लहर मनगटापर्यंत जाते. पुन्हा हात लावून पाहावा, तर या वेळी काहीच जाणवत नाही. बाहेर आल्यावर विषय निघतो, तेव्हा घरातील दुसरे कोणीतरी सांगते की, परवा आपल्यालाही असेच वाटले होते. पावसाळी हवा, ओल्या भिंती, नवा गिझर अशी कारणे पुढे येतात. शेवटी रबरी चप्पल घालून आंघोळ करण्याचा तोडगा निघतो आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये, एवढीच या लेखामागील भूमिका आहे. नळाला येणाऱ्या झिणझिण्या हा किरकोळ बिघाड आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात प्राणघातक धक्का आणि झिणझिण्या यांच्यामागील बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. फरक असतो तो मध्ये आलेल्या अडथळ्याचा, आणि हा अडथळा कोणी योजून ठेवलेला नसतो. आज लादी कोरडी होती, हात चावीला निसटता लागला, गिझरच्या कॉइलमध्ये पाणी जेमतेम झिरपू लागले होते, म्हणून मुंग्यांवर भागले, इतकेच.

विजेचा धक्का किती घातक ठरेल, हे शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहावर आणि तो किती वेळ वाहिला यावर अवलंबून असते. साधारण एक मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग, वाहू लागला की मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी गेल्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही मर्यादा मोजली होती. धरलेली वस्तू सोडता येणे सरासरीने पुरुषांत १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास बंद होते, असे त्यांना आढळले. शॉवरची चावी ही मुठीत धरून फिरवण्याची वस्तू आहे. मूठ आवळली गेली की माणूस स्वतःहून सुटू शकत नाही आणि प्रवाह वाहतच राहतो. तो ५० ते १०० मिलिअँपिअरच्या घरात गेला, तर हृदयाची लय बिघडून काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. कोरड्या त्वचेचा विरोध काही हजार ओहम असू शकतो. पण अंगभर पाणी, अनवाणी पाय आणि ओली लादी असेल, तर हातापासून पायापर्यंतचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले हजार केले की २३० मिलिअँपिअर येतात. न्हाणीघर ही घरातील सर्वांत धोक्याची जागा का, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. जुन्या इमारतींत भर पडते ती मोरीच्या जाळीखालील बिडाच्या पाइपाची. तो थेट जमिनीत उतरलेला असल्याने पायापासून जमिनीपर्यंतची वाट त्याने अधिकच सोपी करून ठेवलेली असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९ ते २०२१ या तिन्ही वर्षांत देशभर विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंची संख्या दरवर्षी १२ हजारांच्या वर होती. यात शेतातील पंप, तुटलेल्या तारा, बांधकामे असे सारेच आले. न्हाणीघरातील मृत्यू वेगळे दाखवलेले नसल्याने त्यांचा वाटा या आकड्यांवरून सांगता येत नाही.

गिझरच्या पोटात काय घडते?

तांब्याच्या बंबात लाकडे घालून पाणी तापत होते, तोवर धुराचा त्रास होता, विजेचा नव्हता. गिझर आला आणि पाणी व वीज एकाच टाकीत एकमेकांपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर येऊन बसली. गिझरच्या कॉइलमध्ये बाहेरून तांब्याची किंवा तत्सम मिश्रधातूची नळी असते. तिच्या मधोमध नायक्रोमची तार असते आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. जोपर्यंत ती कोरडी आहे, तोपर्यंत सारे ठीक असते.

बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर क्षारांचा थर झपाट्याने चढतो. थराखाली नळी प्रमाणाबाहेर तापते, गंजते आणि तिला केसासारखी चीर पडते. चिरेतून पाणी भुकटीत झिरपते आणि वीज टाकीतील पाण्यात व टाकीच्या धातूत उतरू लागते. पाणी मात्र पूर्वीसारखेच तापत असते. त्यामुळे बिघाड झाल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

एमसीबी का उडत नाही, हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर वीज घेतो आणि त्याच्या एमसीबीची क्षमता बहुधा १६ किंवा २० अँपिअर असते. गळती एक दशांश अँपिअरची असली, तरी ती माणसाचा जीव घेण्यास पुरेशी असते; एमसीबीच्या लेखी मात्र ती नगण्य ठरते. तारा जळू नयेत, यासाठी एमसीबी बसवलेला असतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नाही.

ते काम पहिल्या टप्प्यात अर्थिंगच्या तारेचे आहे. गिझरच्या प्लगमधील मोठी, जाड पिन या तारेची असते. टाकीच्या धातूत उतरलेली वीज या तारेतून जमिनीकडे निघून जावी आणि टाकी, नळ, शॉवर यांचा विद्युतदाब जमिनीच्या जवळपास राहावा, हा तिचा हेतू. ही तार शाबूत असेल, तर चिरलेली कॉइलही कोणाला मुंग्या आणत नाही. याचाच अर्थ असा, की मुंग्या आल्या तेव्हा दोन बिघाड झालेले होते. कुठेतरी गळती सुरू झाली आणि तिला वाहून नेणारी तार कुठेतरी तुटलेली होती. बहुतेक घरांत गिझर बदलला जातो आणि तार तशीच तुटलेली राहते.

पाइप बदलले, तेव्हा काय तुटले?

जुन्या इमारतींत पाण्याचे पाइप जस्त चढवलेल्या लोखंडाचे, म्हणजे जीआयचे असत. गच्चीवरील टाकीपासून तळमजल्यापर्यंत आणि पुढे जमिनीखालील मुख्य जलवाहिनीपर्यंत लोखंडाची ही अखंड साखळी होती. वायरिंगमध्ये अर्थिंग नसले किंवा अपुरे असले, तर वायरमन सरळ जवळच्या पाइपाला तार गुंडाळत. ही पद्धत चुकीचीच होती. पण जमिनीत गेलेला लांबच लांब पाइप कसेबसे अर्थिंगचे काम करत असे. कित्येक इमारती या आधारावर वर्षानुवर्षे निभावून गेल्या.

पुढे पाइप गंजले आणि सोसायट्यांनी ते टप्प्याटप्प्याने बदलायला घेतले. तळमजल्यावरचा तुकडा गळू लागला, तिथे प्लास्टिकचा पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप आला. मधल्या मजल्यावर कोणी घराचे नूतनीकरण केले, तिथला तुकडाही प्लास्टिकचा झाला. प्लंबरच्या दृष्टीने काम उत्तम झाले. विजेच्या दृष्टीने मात्र जमिनीशी जोडलेली साखळी तुटली आणि वरच्या तीन-चार मजल्यांचा लोखंडी पाइप अधांतरी लोंबकळत राहिला. त्याला गुंडाळलेल्या अर्थिंगच्या तारा तशाच आहेत. आता पाचव्या मजल्यावरील गिझरची कॉइल चिरली की तिची वीज त्या तारेवाटे पाइपात येते. खाली जायला वाट नसल्याने तो सगळा पाइप विजेने भारला जातो आणि चौथ्या मजल्यावर नळाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती जमिनीची वाट शोधते. चौथ्या मजल्यावरील गिझर कदाचित त्या वेळी बंदही असेल.

नव्या इमारतींत पाइप पहिल्यापासून प्लास्टिकचे असतात. तिथे हाच प्रकार दुसऱ्या वाटेने होतो. सर्व सदनिकांच्या अर्थिंगच्या तारा एका सामाईक पट्टीला जोडलेल्या असतात. ती पट्टी मीटरच्या खोलीतून आवारातील अर्थिंगच्या खड्ड्यात जाते. तळमजल्यावर पाणी साचून ती गंजली, रंगकाम किंवा खोदकाम करताना तुटली, तर वरच्या सगळ्या घरांची अर्थिंग एकमेकांशी जोडलेली राहते, जमिनीशी मात्र नाही. मग एका घरातील बिघडलेला गिझर इतर घरांतील गिझर, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्या पत्र्यापर्यंत वीज नेऊन पोहोचवतो.

प्लास्टिकचा पाइप असला तरी आतले पाणी वीज नेतेच ना, अशी शंका अनेकांना असते. नेते, पण फार थोडी. सर्वसाधारण नळाच्या पाण्याने भरलेल्या अर्ध्या इंची प्लास्टिक पाइपाच्या एक मीटर लांबीचा विरोध ढोबळमानाने लाख ओहमच्या घरात येतो. २३० व्होल्टला त्यातून दोन-अडीच मिलिअँपिअर वाहतील. बोअरवेलचे खारट पाणी असेल, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे गिझर आणि शॉवर यांच्यामध्ये दोन-चार मीटर प्लास्टिक असेल, तर पाण्यातून येणारा प्रवाह जेमतेम जाणवण्याइतका असतो. शॉवरच्या फवाऱ्यातून तर पाणी थेंबाथेंबाने तुटून येते. धोका कायम राहतो तो जिथे गिझरखालून वेष्टित धातूची नळी थेट भिंतीतील मिक्सरला जोडलेली असते तिथे. आपल्याकडील लहान न्हाणीघरांत नेमकी हीच रचना सर्रास दिसते.

सर्वांत घातक 'जुगाड'

घरात अर्थिंग नाही आणि गिझर तर बसवायचा आहे, अशा वेळी काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन यांच्यात तारेचा छोटा तुकडा जोडून देतात. टेस्ट लॅम्प लावला की दिवा छान पेटतो आणि 'अर्थिंग आहे' असे घरमालकाला सांगितले जाते. न्यूट्रलची तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असल्याने वरवर पाहता यात तर्क दिसतो. पण न्यूट्रल कुठेही सुटली, सॉकेटमागील स्क्रू ढिला झाला किंवा मीटरपाशी जोड जळाला, की गिझरच्या कॉइलमधून आलेली फेज त्या तुकड्यावाटे सरळ टाकीच्या पत्र्यावर येते. यासाठी गिझरमध्ये कोणताही बिघाड असावा लागत नाही. वायरिंगच्या दुरुस्तीत कोणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तर न्यूट्रल न तुटताही पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. सॉकेट उघडून असा तुकडा दिसला, तर त्याच दिवशी तो काढून टाकणे आणि खरी अर्थिंग येईपर्यंत तो गिझर न वापरणे, याला पर्याय नाही.

फेज-न्यूट्रलच्या अदलाबदलीचा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. गिझर बंद करून मगच आंघोळ करावी, असे घरोघरी सांगितले जाते. सवय चांगली आहे. पण साधा स्विच एकच तार तोडतो. ती फेज असेल तर कॉइल खरोखर मृत होते. तारांची अदलाबदल झालेली असेल, तर स्विच न्यूट्रल तोडतो. दिवा विझतो, पाणी तापणे थांबते आणि कॉइल मात्र फेजलाच जोडलेली राहते. म्हणून गिझरसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच हवा आणि तो न्हाणीघराच्या बाहेर, निदान ओल्या हाताच्या टप्प्याबाहेर हवा.

आरसीसीबी: उपयोग आणि मर्यादा

अर्थिंगवर सर्वस्वी विसंबणेही पुरेसे नाही. अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध पाच ओहम धरला, तरी फेज पूर्णपणे पत्र्याला टेकल्यावर ४६ अँपिअरच वाहतील. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ उडेलच असे नाही. काही सेकंद जाऊ शकतात. हे अंतर भरून काढण्यासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी बसवतात. अनेक जण त्याला अजूनही जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परतली, याचा तो सतत ताळा घेतो. ताळ्यात ३० मिलिअँपिअरची तूट आली की एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि तूट मोठी असेल तर त्याहूनही लवकर, वीज तोडतो. धक्का बसायचा तो बसतो. पण मूठ आवळून माणूस अडकून राहत नाही.

मात्र, आरसीसीबी बसवला की आपण सुरक्षित झालो, असे मानणाऱ्यांनी वरचा पाचव्या मजल्याचा प्रसंग पुन्हा आठवावा. आपला आरसीसीबी आपल्याच घरातील विजेचा ताळा घेतो. नळातून आलेली वीज शेजारच्या घरातील असेल, तर तिची नोंद त्याच्या वहीत होतच नाही आणि तो स्वस्थ बसून राहतो. ती वीज तोडू शकेल असा आरसीसीबी त्या शेजाऱ्याच्या घरात असावा लागतो. त्यामुळे हा एकेकट्याने करण्याचा खर्च नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून साऱ्या इमारतीत एकदम करण्याचे हे काम आहे. सामाईक पंपाच्या जोडणीलाही ते लागू आहे, कारण जमिनीखालच्या टाकीत बुडालेला सबमर्सिबल पंप गळू लागला की त्याची वीज आधी पाण्यात आणि मग पाइपात येते.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार उडतो म्हणून तो वगळून थेट जोडणी करून घेणारेही कमी नाहीत. उडणे ही त्याची तक्रार असते. ती ऐकून घ्यायची असते. त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो उडतो की नाही, हे पाहावे. मात्र या चाचणीवरून फक्त आरसीसीबी चालू असल्याचे कळते. घराची अर्थिंग तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो उडतोच.

मुंग्या आल्या, तर

नळाला पुन्हा हात लावून खात्री करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. नळ वाहता राहिला तरी चालेल. बाहेर यावे, अंग आणि पाय कोरडे करावेत, मग घराचा मेन स्विच बंद करावा. त्यानंतर तपासणी वायरमनने करायची. नळ आणि खात्रीची अर्थिंग यांच्यामधील विद्युतदाब मोजला आणि आपला मेन बंद असतानाही तो दिसला, तर गळती बाहेरची आहे. मग इमारतीतील एकेका घराचा आणि पंपाचा मेन क्रमाने बंद करत गेले की कोणत्या क्षणी दाब नाहीसा होतो, त्यावरून मूळ सापडते. याला अर्धा दिवस आणि सगळ्या शेजाऱ्यांचे सहकार्य लागते. दुसरी गोष्टच अधिक कठीण, असा सोसायटीत राहणाऱ्यांचा अनुभव असेल.

खिशातल्या टेस्टरवर इथे फार भिस्त ठेवू नये. त्यातला दिवा मिलिअँपिअरच्या लहानशा अंशावर पेटतो. त्यामुळे मागे निरुपद्रवी गळती आहे की पूर्ण क्षमतेची फेज, हे तो सांगू शकत नाही. तपासणारा कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल, तर तो धोका असतानाही नीट पेटत नाही. वॉशिंग मशीनच्या पत्र्याला येणाऱ्या मुंग्यांचा प्रकार थोडा वेगळा असतो. अर्थिंग नसेल, तर यंत्रातील फिल्टरमुळे पत्र्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो. पण अर्थिंग नसल्याची बातमी तो देऊन जातो. कॉइलची तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने करतात. धातूची नळी आणि आतली तार यांच्यामध्ये दहा लाख ओहमपेक्षा कमी विरोध आढळला, तर कॉइल बदलावी. हे काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून करून घ्यावे आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून मागावेत.

बादलीत सोडण्याच्या इमर्शन रॉडला यातले कोणतेच कवच बहुधा नसते. पाणी तापले का, हे रॉड चालू असताना बोट बुडवून पाहणे जिवावर बेतू शकते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर आणि त्यानंतर बोट, हा क्रम मुलांनाही शिकवून ठेवावा.

कोणी न्हाणीघरात कोसळले आणि विजेचा संशय असेल, तर दार तोडण्याआधी मेन बंद करावा. मेन हाताशी नसेल, तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने त्या व्यक्तीला धातूपासून दूर करावे. उघड्या हाताने ओढू नये. श्वास थांबलेला असल्यास छातीच्या मधोमध दाब देणे लगेच सुरू करावे आणि दुसऱ्या कोणी तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेन स्विच कुठे आहे आणि तो खुर्ची न घेता हाती लागतो का, हे घरातील प्रत्येकाला माहीत असायला हवे. बऱ्याच घरांत तो दारामागच्या कपाटाआड गेलेला असतो.

वीज पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टर्मिनल द्यावे, अशी अपेक्षा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत होती. त्यांच्या जागी २०२३ चे नियम आले आहेत. अर्थिंग कशी करावी, याचे भारतीय मानक (आयएस ३०४३) १९६६ मध्ये आले आणि १९८७ व २०१८ मध्ये ते सुधारण्यात आले. म्हणजे कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती पाइप बदलणारा प्लंबर आणि वायरिंग पाहणारा वायरमन यांची कधी गाठच पडत नाही, याची. सोसायटीने पाइप बदलण्याचे कंत्राट देताना त्यातच एक ओळ घालता येते: प्रत्येक मजल्याचे काम झाले की, भिंत बुजवण्यापूर्वी, त्या मजल्यावरील प्रत्येक घराची अर्थिंग जमिनीपर्यंत पोहोचते का, हे मोजून दाखवावे.